किल्टा घ्यावं की रुस्का?

हेलसिंकीत हिएतालाहतीच्या चौकात जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तिथल्या टेबलांवर ‘आराबिया’ या हेलसिंकीच्या कारखान्याचा शिक्का असलेली चिनी मातीची भांडी सापडली नाहीत असं सहसा होत नाही. फिनलंडमध्ये राहायला आलेल्या आपल्या लोकांना इथली दोन-तीन वर्षं झाली की या भांड्यांचा नाद लागतो, आणि मग त्यातल्या दोन गाजलेल्या मालिकांविषयी एक प्रश्न हमखास कानावर येतो: सुरुवात किल्टापासून करू की रुस्कापासून? मी दोन्ही वापरते, दोन्ही फोडलीही आहेत, म्हणून हे लिहितेय.

आधी नावाचा घोळ मिटवू. या आराबियाचा अरबस्तानाशी काही संबंध नाही. हेलसिंकीच्या त्या भागाचंच नाव आराबिया. फिनलंड रशियन साम्राज्यात होतं तेव्हा, 1873 साली, स्वीडनच्या र्‍योरस्ट्रांड कंपनीने रशियाच्या बाजारावर डोळा ठेवून तिथे कारखाना काढला. 2016 मध्ये हेलसिंकीतलं उत्पादन बंद झालं. त्यामुळे जुन्या मालाची ओढ आणखी वाढली.

किल्टा 1953 साली बाजारात आलं. ते घडवणारे डिझायनर काय फ्रांक (Kaj Franck) 1945 पासून आराबियात होते. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. पूर्वेकडचा कारेलिया प्रांत सोव्हिएत संघाकडे गेल्यामुळे चार लाखांवर माणसं विस्थापित झाली होती. घरं लहान, कपाटं त्याहून लहान. अशा घरात वीस-पंचवीस नगांचा, सोनेरी काठांचा, सणासुदीलाच बाहेर निघणारा सेट ठेवायचा कुठे? फ्रांकनी सेट ही कल्पनाच मोडीत काढली. वर्तुळ, चौकोन, शंकू एवढ्या आकारांवर भागवलं, नक्षी पूर्ण काढून टाकली आणि पिवळा, हिरवा, निळा, काळा, पांढरा असे सपाट रंग दिले. लागेल तेवढं घ्या, एकेक नग घ्या, रंग हवे तसे मिसळा. स्वयंपाकघरातलं भांडं तसंच उचलून टेबलावर आणा. आपल्याकडे वाटी आमटीलाही चालते आणि खिरीलाही, तसंच. दुधाचा जग तर इतका अरुंद केला की तो दुहेरी खिडकीच्या दोन काचांमध्ये मावावा, कारण घरोघरी फ्रिज नव्हते आणि खिडकीतली थंडी फुकट होती. ‘किल्टा’ म्हणजे कारागिरांचा संघ, गिल्ड.

रुस्का याच्या उलट स्वभावाचं. उल्ला प्रोकोपे फ्रांकच्याच हाताखालच्या गटात काम करायच्या. रुस्का त्यांचं, 1960 च्या सुमाराचं. शरदात उत्तरेकडच्या लॅपलंडची झाडंझुडपं तांबूस-पिवळी होतात, त्या रंगपंचमीला फिनिश भाषेत रुस्का म्हणतात. भांडी तपकिरी, पण एकसारखी तपकिरी नव्हेत. भट्टीत बशी कुठे ठेवली होती त्यावर तिचा रंग ठरतो. एक गुळासारखी पिवळसर, शेजारची जवळजवळ काळी, तिसरीवर दोन्ही छटा ओघळलेल्या. प्रोकोपे 1968 मध्ये वारल्या, जेमतेम सत्तेचाळीस वर्षांच्या. रुस्का मात्र 1999 पर्यंत बनत राहिलं.

आता निवडीचं बोलू. माझ्या मते इथे रंग आणि आकार गौण आहेत, खरा निकाल माती लावते. किल्टा हे फायान्स, म्हणजे कमी तापमानाला भाजलेली, आतून सच्छिद्र राहिलेली माती. वरची झिलई शाबूत आहे तोवर सगळं ठीक. पण साठ-सत्तर वर्षांत झिलईवर केसासारख्या बारीक तड्यांची जाळी पडते आणि त्यातून ओल आणि तेल आत झिरपतं. पांढऱ्या किल्टा वाडग्यात मी एकदा फोडणीचं वरण वाढलं होतं. हळदीची ती जाळी आजही त्या वाडग्यात नकाशासारखी दिसते; लिंबू, सोडा, ऊन, सगळे उपाय झाले. रुस्का स्टोनवेअर आहे, 1200 अंशांच्या वर भाजलेलं, माती स्वतःच घट्ट झालेली. रस्सा वाढा, ओव्हनमधून काढा, त्याला फरक पडत नाही. मायक्रोवेव्हमध्ये मात्र मी जुनं कुठलंच भांडं घालत नाही.

म्हणजे रोज जेवायला हवं असेल तर रुस्का. यावर माझ्या मनात शंका नाही. काट्या-सुरीने रुस्काच्या मंद झिलईवर करड्या रेघा उमटतात, ही त्याची नेहमीची तक्रार. हाताने जेवणाऱ्या घरात तीही उरत नाही! अडचण दोनच. एक म्हणजे वजन: सहा ताटल्या आणि चार वाडगे घेतले की विमानाच्या 23 किलोंतला मोठा हिस्सा गेलाच. दुसरी अडचण दिसण्याची. तपकिरी ताटलीत पांढरा भात, दही, कोशिंबीर उठून दिसतात, पण मटकीची उसळ किंवा काळ्या मसाल्याचं वांगं वाढलं की ताटली कुठे संपते आणि भाजी कुठे सुरू होते ते कळत नाही. किल्टाच्या पिवळ्या बशीत साधी काकडी ठेवली तरी डोळे निवतात.

डोळ्यांसाठी घ्यायचं तर मग किल्टा. शेल्फवर रंगीत वाडगे एकात एक रचले की दुसरं काही सजवायला लागत नाही. कोरडा फराळ, फळं, बिस्किटं यांना ते उत्तम, कपबशीही चालते. गंमत अशी की भांड्यावर कलावंताचं नाव मिरवू नये असं फ्रांक स्वतः सांगत, माणसांनी वस्तू वापरावी, नावाला भुलू नये असं त्यांचं म्हणणं. आणि आज बाजारात किल्टाची किंमत चढते ती त्यांच्याच नावामुळे.

मिळण्याच्या दृष्टीने रुस्का सोपं. जवळपास चार दशकं बनल्यामुळे माल भरपूर आहे, आणि एकाही नगाचा रंग दुसऱ्याशी जुळत नाही म्हणून तुटलेल्याच्या जागी कुठलाही आणला तरी खपून जातो. किल्टा 1970 च्या दशकाच्या मध्याला थांबलं. साध्या बशा अजून सहज मिळतात, पण झाकणाचे डबे आणि तो खिडकीतला जग (बुचासकट!) शोधायला चिकाटी लागते.

इथे कोणीतरी ‘टेइमा’चं नाव काढणारच, आणि ते योग्यच आहे. 1981 मध्ये किल्टाचेच आकार थोडे सुधारून, घट्ट भाजलेल्या मातीत, टेइमा या नावाने पुन्हा आले. आता ते इत्ताला या नावाखाली विकलं जातं. डिशवॉशर, ओव्हन, मायक्रोवेव्ह सगळं चालतं. ज्याला किल्टाचा आकार आवडतो पण जपणूक झेपत नाही, त्याने सरळ टेइमा घ्यावं. तो संग्रह नव्हे असं काही जाणकार नाक मुरडून म्हणतील, म्हणू देत.

नक्षीची भांडी हा वेगळा विषय. प्रोकोपेंचंच हाताने रंगवलेलं निळं ‘वालेंसिया’ आणि बिर्गर काइपिआइनेन यांचं 1969 चं फळाफुलांनी गच्च भरलेलं ‘पारातीसी’ ही दोन्ही देखणी आहेत, पण त्यांत सेट पुरा करण्याचा मोह सुटत नाही आणि खिसा रिकामा होतो. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नये. पारातीसी तर 1980 च्या दशकापासून पुन्हा बनू लागलं, तेव्हा जुनं म्हणून नवं गळ्यात पडण्याचीही शक्यता.

घेताना काय बघायचं? मडकं घेताना करतो तेच. भांडं तळहातावर मोकळं ठेवून टिचकी मारायची. रुस्का खणखणीत वाजलं पाहिजे. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. किल्टा मुळातच मऊ वाजतं, त्यामुळे तिथे कानापेक्षा बोट कामाचं: काठावरून बोट फिरवा, टवका डोळ्यांआधी बोटाला लागतो. मग उजेडाकडे तिरपं धरून झिलईची जाळी बघा. तळाचा शिक्का शेवटी बघा. शिक्के काळानुसार बदलत गेले, त्यावरून अंदाज बांधता येतो, पण नुसता ‘फिनलंड’ हा शब्द वाचून वय ठरवू नका. हाताने रंगवलेल्या नगांवर रंगवणारीची आद्याक्षरंही सापडतात.

जुन्या रंगीत झिलयांत शिसं किंवा कॅडमियम असू शकतं. म्हणून जाळी पडलेल्या रंगीत भांड्यात चिंचेची चटणी, सोलकढी, लोणचं असलं आंबट काही मी ठेवत नाही. घरात लहान मूल असेल तर किल्टा शेल्फवरच बरं.

माझ्या घरात सध्या रोजच्या जेवणाला रुस्का आहे, आणि किल्टाचे सात नग खिडकीजवळच्या फळीवर. त्यातल्या जगाचं बूच हरवलेलं होतं म्हणून तो स्वस्तात मिळाला. औषधाच्या बाटलीचं बूच कापून बसवलं, तर नेमकं बसलं. जानेवारीत उणे पंधरा असताना ताक घालून तो दोन काचांमध्ये ठेवून बघितला. सकाळी ताकाचा गोळा झाला होता.