फुगलेल्या पोटाच्या माशांसाठी एप्सम सॉल्ट: काही महिन्यांच्या वापरानंतर

एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. घरच्या टाकीतल्या गोल्डफिश, फायटर, मॉली आणि गुरामीवर ते काही महिने वापरून झाल्यावरचं मत असं: बद्धकोष्ठावर उत्तम, पोटात पाणी साठायला नुकती सुरुवात झाली असेल तर उपयोगी, आणि खवले उठले असतील तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. त्यामुळे मीठ मोजायला घेण्याआधी मासा नीट पाहणं जास्त गरजेचं आहे.

पाहायचं ते वरून. मासा एका वाडग्यात घ्या आणि डोक्याच्या बाजूने पाठीकडे नजर टाका. खवले अंगाला चिकटून सपाट असतील आणि पोट फक्त खालच्या बाजूला गोल झालं असेल, तर बहुधा खाणं अडकलेलं आहे. अशा माशाची विष्ठा एक तर पडत नाही, नाहीतर जाड होऊन मागे लोंबत राहते. खवले सीताफळाच्या डोळ्यांसारखे सुटे-सुटे उठलेले दिसले, तर ते जलोदराचं लक्षण. तिथे बहुधा मूत्रपिंडाचं काम बिघडलेलं असतं आणि शरीराला बाहेर टाकता न येणारं पाणी पोटात साठत जातं. विष्ठा पांढरी, चिकट दोऱ्यासारखी असेल आणि मासा खाद्य तोंडात घेऊन परत थुंकत असेल, तर आतड्यातल्या परजीवींचा संशय घ्या. त्यावर हे मीठ एकटं पुरत नाही. पोट एकाच बाजूला फुगलं असेल तर गाठ किंवा अडकलेली अंडी असू शकतात. मॉली आणि गप्पीच्या माद्यांमध्ये पिल्लं असली की शेपटीजवळचा काळा डाग मोठा होतो, तिथे काहीच करायचं नसतं. बलून मॉलीचं पोट तर जन्मतःच तसं असतं. तिच्यावर उपचार सुरू करणारे लोक कमी नाहीत, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

आता मीठ कुठून आणायचं. मराठवाड्यात मॅग्नेशियम सल्फेट सगळ्यात सहज मिळतं ते कृषी सेवा केंद्रात, कारण कपाशीवर लाल्या आला, म्हणजे पानं लाल पडली, की त्याचीच फवारणी सांगतात. माशांसाठी ते आणू नका. खताच्या दर्जाच्या मालात बाकी काय मिसळलंय याची खात्री नसते, आणि त्याच कपाटात सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या मिश्रणाच्या पुड्याही असतात. त्यातलं जस्त आणि तांबं माशांना फार थोड्या प्रमाणातही घातक ठरतं. मेडिकलमधून आय. पी. (म्हणजे औषधाच्या दर्जाचं) असं लिहिलेला, सुगंध किंवा रंग नसलेला पुडा घ्या. पाय शेकायचं म्हणून विकलं जाणारं लव्हेंडरवालं मीठ अजिबात चालणार नाही. स्वयंपाकाचं मीठ हा वेगळा पदार्थ आहे, पोट साफ करायचं काम ते करत नाही.

उपचार मोठ्या टाकीत नाही, वेगळ्या टबात करायचा. मात्रेच्या बाबतीत चमच्यावर विसंबू नका. इंटरनेटवर टीस्पून आणि टेबलस्पून यांची इतकी सरमिसळ आहे की तिप्पट मात्रा सहज पडते. सोनारकाम किंवा मसाल्यासाठी वापरतात तसा छोटा वजनकाटा घ्या. सुरुवात २० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे ४ लिटरला १ ग्रॅम. तिसऱ्या दिवसापर्यंत फरक दिसला नाही तर हळूहळू २० लिटरला १० आणि फार तर १५ ग्रॅमपर्यंत जायचं. मीठ आधी टबातल्याच ग्लासभर पाण्यात पूर्ण विरघळवा, अर्धं आत्ता आणि अर्धं १२ तासांनी ओता. कोरडे खडे टबात टाकले तर तळाशी तीव्र द्रावण तयार होतं आणि आजारी मासा नेमका तळाशीच पडलेला असतो.

आपल्याकडच्या पाण्याचा हिशोब इथे वेगळा लागतो. ४ लिटरला १ ग्रॅम या मात्रेने पाण्याचा कठीणपणा लिटरमागे साधारण १०० मिलिग्रॅमने वाढतो, १५ ग्रॅमच्या मात्रेने ३०० ने. बोअरचं पाणी मुळातच क्षाराचं असेल तर ही भर त्यावर पडते. मॉली आणि गोल्डफिश ते सोसतात, मऊ पाण्यातले टेट्रा लवकर त्रासतात, म्हणून त्यांना पहिल्या मात्रेच्या पुढे नेऊ नये. टीडीएस मीटरचा (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा मीठ टाकल्यावर चढणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पीएचवर मात्र जवळजवळ काही परिणाम होत नाही. आणखी एक: पाणी चांगलं म्हणून जारचं आरओ पाणी घेऊन त्यात मासा सोडू नका. बोअरच्या पाण्यातला मासा एकदम जारच्या पाण्यात गेला की त्या धक्क्यानेच तो जाऊ शकतो. उपचाराच्या टबात पहिलं पाणी त्याच्या नेहमीच्या टाकीतलंच हवं. नळाचं, टँकरचं किंवा टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलेल्या विहिरीचं पाणी असेल तर २४ तास एअर पंपाला जोडलेला हवेचा दगड चालू ठेवून मगच वापरा, नाहीतर अँटी-क्लोरीनचे थेंब टाका.

सगळ्यात जास्त चूक होते ती उन्हाळ्यात. एप्रिल-मे महिन्यात उघड्या टबातलं पाणी रोज चांगलंच आटतं, पण वाफ होते ती नुसत्या पाण्याची, मीठ आतच राहतं. आटलेलं पाणी भरताना पुन्हा मीठ घातलं तर मात्रा रोज वाढत जाते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी मासा सुस्त होतो, तेव्हा दोष औषधाला दिला जातो. टबाच्या बाहेरून मार्करने पातळीची रेघ मारा. रेघेपर्यंत साधं पाणी भरायचं, मीठ घालायचं ते फक्त काढून बदललेल्या पाण्यापुरतं. पहिल्या मात्रेच्या हिशोबाने रोज ५ लिटर बदललं तर सव्वा ग्रॅम. हे बदलणं टाळता येत नाही, कारण नव्या टबात अमोनिया पचवणारे जीवाणू नसतात. मोठ्या टाकीतला वापरलेला स्पंज फिल्टर टबात लावला तर बराच फरक पडतो.

पहिले दोन-तीन दिवस उपास. माशाला उपाशी ठेवायला जीव होत नाही हे खरं, पण धडधाकट मोठा मासा तेवढे दिवस सहज काढतो. त्यानंतर गोल्डफिशला उकडलेला मटार: साल काढून, चिमटीत दाबून, माशाच्या डोळ्याएवढा तुकडा. मटारचा हंगाम नसेल तर फ्रोजन चालतो, मीठ-मसाला नसलेला. फायटर मांसाहारी आहे, त्याला मटार देण्यात फारसा अर्थ नाही. त्याला डॅफ्निया हा पाण्यातला बारीक जीव द्या, त्याचं कवच पचत नाही आणि तेच पोट मोकळं करतं. गोल्डफिशला वेगळं जठरच नसतं, घशातून खाद्य थेट आतड्यात जातं. म्हणून एकदम ओतलेल्या मूठभर दाण्यांनी त्याचंच पोट सगळ्यात आधी फुगतं.

मासा खात असेल तर एक उपाय मला टबापेक्षाही भरवशाचा वाटतो. गोड्या पाण्यातले मासे पाणी फारच कमी पितात, त्यामुळे टबातलं मीठ आतड्यापर्यंत थोडंच पोचतं. १०० मिलिलिटर पाण्यात ३ ग्रॅम मीठ विरघळवून त्यात दाणे १० मिनिटं भिजवून दिले, तर मॅग्नेशियम थेट आतड्यात जातं, तिथे पाणी खेचून घेतं आणि घट्ट झालेली विष्ठा सैल होते. दिवसातून एकदा, सलग तीन दिवस. पोटात पाणी साठलेलं असेल तेव्हा मात्र टबच हवा.

तापमान सांभाळलं नाही तर वरचं सगळं वाया जातं. डिसेंबर-जानेवारीत परभणी, उदगीरकडे रात्री पारा १० अंशांच्या खाली जातो, घरातल्या छोट्या टाकीचं पाणी २० च्या आसपास येतं आणि फायटरचं पचन मंदावतं. हिवाळ्यात फुगलेल्या फायटरचं मूळ कारण अनेकदा हेच. २० लिटरच्या टबाला २५ वॅटचा हीटर लावून पाणी २६ ते २८ अंश ठेवा, वीज जाते तिथे बाजूंनी थर्माकोल लावा. गोल्डफिशला गरम करू नका, त्याला २२ ते २४ पुरतं. उन्हाळ्यात उलट अडचण. पाणी ३२ अंशांवर गेलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि फुगलेल्या पोटाचा मासा आधीच धापा टाकत असतो. पाण्यावर टेबल फॅनचा वारा आणि एअर पंप, दोन्ही चालू हवेत.

मात्रा जास्त झाली की कल्ले भराभर हलतात, तोल जातो, मासा आडवा पडतो. तेव्हा एकदम सगळं पाणी न बदलता तासाभराच्या अंतराने थोडं-थोडं बदलत मीठ उतरवा. आठवडाभरात काहीच फरक नसेल तर मीठ वाढवत बसू नका. खवले उठलेले असतील किंवा परजीवींचा संशय असेल तर प्रतिजैविक किंवा परजीवींवरचं मेट्रोनिडाझोल हे औषध लागू शकतं, आणि ते पशुवैद्यकाला विचारूनच द्यावं. परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूर जिल्ह्यात उदगीरला तर मत्स्य विज्ञान महाविद्यालयच आहे. जाताना माशाचे वरून आणि बाजूने काढलेले फोटो, पाण्याचं तापमान आणि टीडीएस लिहून न्या.

खर्च म्हणाल तर एका उपचाराला १२-१५ ग्रॅम मीठ जातं, अर्ध्या किलोचा पुडा लवकर संपत नाही. घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, पावसाळ्यात ते ओल धरून गोळा होतं आणि कोरड्या उन्हाळ्यात खड्यांवर पांढरी पूड चढते. पोट उतरलं, विष्ठा नेहमीची झाली, की आणखी दोन दिवस थांबा. मग टबातलं पाणी रोज पाव-पाव बदलत बिनमिठाचं करा आणि मासा जाळीने न उचलता वाडग्याने मोठ्या टाकीत सोडा. पुढचा आठवडा फायटरला १ मिलिमीटरचे दोन-तीन दाणे सकाळी आणि तेवढेच संध्याकाळी, गोल्डफिशला तरंगणाऱ्याऐवजी बुडणारे, आधी भिजवलेले दाणे.