१०० ऐवजी १०३ : टर्नटेबलचा आठ महिन्यांचा हिशेब

स्पेसिफिकेशन लिहीत बसत नाही. रेकॉर्ड वाजवायचं साधं यंत्र. बेल्ट ड्राइव्ह (मोटर पट्ट्याने थाळी फिरवते), आतच फोनो प्रीअँप (सुईचा क्षीण आवाज वाढवणारं सर्किट), पुढे ऑडिओ-टेक्निकाचं ३६००एल कार्ट्रिज, म्हणजे सुई बसते तो भाग. एवढ्यावरून वर्ग कळला असेल. दिवाळीच्या सेलमध्ये ११,४९९ ला घेतलं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, वाद अजून पुरता मिटलेला नाही. आणि या किमतीत जे काही मिळतं ते वेगवेगळ्या नावांनी आतून बरंचसं सारखंच असतं, त्यामुळे पुढचं तुमच्याही उपयोगी पडेल.

पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक केलं असतं. दिसायला छान, सुईची आर्म हळुवार उतरते, आवाज या पैशात अपेक्षेपेक्षा भरदार. माळ्यावरून बाबांच्या वेळच्या साठेक एलपी काढल्या, मागे कोलकात्याच्या डमडमचा, एचएमव्हीच्या कारखान्याचा पत्ता छापलेल्या. त्यातली एक ख्यालाची लावली. सुई टेकली, ती ओळखीची खरखर आली, आणि मी सोफ्यावर डोळे मिटून बसलो. तेवढ्यात पिठाच्या हातांनी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"अरे, ही चढलीय."

"काय चढलीय?"

"रेकॉर्ड. या बाईंबरोबर मी काळी चारमध्ये बसायचे. ही काळी चार नाही आणि पांढरी सहाही नाही. मधेच कुठेतरी लोंबकळतेय."

काळी चार, पांढरी सहा म्हणजे पेटीवरच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्या, सूर. आई पंधरा वर्षं गाणं शिकली आहे. तरी मी म्हणालो, की आई, तू पन्नास वर्षांपूर्वीचं सांगतेयस. ती काही बोलली नाही. भाकऱ्या उरकल्या, हात धुतले आणि कॉटखालची पेटी काढून बसली. पेटीचा सूर आणि तानपुऱ्याचा सूर खरंच जुळेना. मग मी मोबाइलवर ट्यूनर उघडून पेटीच तपासली. वीस वर्षांत ट्यूनिंग न झालेली ती पेटी स्वतःच थोडी उतरलेली निघाली. मी वाद जिंकला. दोन आठवडे त्या विजयात होतो.

मग एका रविवारी सहज तीच रेकॉर्ड मोबाइलवर शोधली, रेकॉर्ड कंपनीने काढलेली डिजिटल आवृत्ती मिळाली. टर्नटेबल आणि मोबाइल दोन्ही एकाच समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, सोडले. विलंबित एकताल, म्हणजे बारा मात्रांचा ताल संथ लयीत, एक आवर्तन (तालाची एक फेरी) मिनिटभराचं. पहिल्या आवर्तनाला टर्नटेबल किंचित आधी समेवर आलं. तिसऱ्या आवर्तनाला ते पाचेक सेकंद पुढे होतं. मोबाइलमधला तबलजी अजून शेवटच्या मात्रांवर, इकडे बाईंनी मुखडा पकडलेला.

यावर मोजमापाचा एक फुकटचा उपाय आहे, तो प्रत्येक टर्नटेबलवाल्याने घेतल्या दिवशीच करावा. एलपीचा वेग मिनिटाला ३३⅓ फेरे. म्हणजे तीन मिनिटांत बरोबर १००. टाकाऊ रेकॉर्डच्या लेबलवर कागदाचा लहान तुकडा चिकटवायचा, सुई खाली टेकवायची (सुईचं ओझं पडलेलं असताना मोजायचं, मोकळी थाळी मोजू नका), मोबाइलवर तीन मिनिटं लावायची आणि फेरे मोजायचे. मी मोजले. १०३. परत मोजले. १०३. बायकोला मोजायला बसवलं, तिने १०३ आणि वर "तुला दुसरं काम नाही का" असं सांगितलं.

आता ३ टक्के म्हणजे काय? वेग वाढला की सूरही त्याच प्रमाणात चढतो. पेटीवरच्या शेजारच्या दोन स्वरांत जवळजवळ ६ टक्क्यांचं अंतर असतं. म्हणजे ३ टक्के हे बरोबर अर्धं अंतर. काळी चारच्या पुढची पट्टी पांढरी सहा, आणि रेकॉर्ड या दोघींच्या मधोमध. आईने ट्यूनर न उघडता, पिठाच्या हातांनी, स्वयंपाकघरातून हेच सांगितलं होतं. नुसतं ऐकणाऱ्याला फरक पडत नाही, हे खरं आहे. मलाही पडला नव्हता. पण घरात कुणी रेकॉर्डबरोबर गाणारं, पेटी किंवा तंबोरा जुळवणारं असेल तर हे यंत्र निरुपयोगी आहे. ३ टक्के चढलेल्या सुराला पेटीवर पट्टीच नाही. आणि हिशेबच करायचा तर २२ मिनिटांची बाजू अर्ध्या मिनिटाहून जास्त लवकर संपते. पैसे मात्र मी २२ मिनिटांचे दिले होते.

तक्रार केली. चौथ्या दिवशी एक मुलगा आला. चांगला होता बिचारा, पण त्याच्या बॅगेत एकच उपाय होता, नवा बेल्ट. मी म्हटलं, अरे, बेल्ट ढिला झाला तर थाळी घसरून हळू फिरेल, जोरात कशी फिरेल? तो म्हणाला, "सर, प्रोसिजर आहे." बेल्ट बदलला, सही घेतली, गेला. मी तीन मिनिटं लावली. १०४.

हे कसं झालं ते नंतर लक्षात आलं. मोटरची पुली, म्हणजे बेल्ट फिरवणारं चाक, बोटाच्या पेरापेक्षा लहान असते. तिच्यावर बेल्ट बसला की बेल्टची जाडीही पुलीच्या व्यासात धरली जाते. नवा बेल्ट जुन्यापेक्षा जाड निघाला, म्हणजे पुली वाढली, म्हणजे थाळी आणखी जोरात. दुरुस्ती करून आजार वाढवला आणि माझी सही घेऊन गेले.

इथे माझीही एक चूक सांगायला हवी, कारण त्या चुकीने माझे तीन आठवडे गेले. पुरावा पक्का करावा म्हणून मी स्ट्रोबची चकती छापली. कागदावर गोलाकार काळ्या रेघा असतात, लुकलुकणाऱ्या दिव्याखाली थाळीवर फिरवायची, वेग बरोबर असेल तर रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. माझ्या रेघा एक्स्प्रेससारख्या पळत होत्या. व्हिडिओ काढला, कडक मेल लिहिली, "हे काय आहे याचा खुलासा करावा" वगैरे. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं आणि बरोबर होतं: चकती २१६ रेघांची आहे, ती ६० हर्ट्झ वीज असलेल्या देशांसाठी. भारतात ५० हर्ट्झ, दिवा त्याच्या दुप्पट, सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, त्याला १८० रेघांची लागते. आठ महिन्यांत कंपनीने दिलेलं हे एकमेव अचूक उत्तर, आणि ते माझ्याच विरोधात.

१८० ची छापली. तर आता रेघाच दिसेनात, सगळं राखाडी. कारण घरात सगळीकडे एलईडी, त्यातले बरेचसे हवे तसे लुकलुकत नाहीत. शेवटी खोलीत अंधार करून एक्स्टेंशन बोर्डावरचा लाल निऑन इंडिकेटर थाळीजवळ धरला, तेव्हा रेघा दिसल्या. हळूहळू पुढे सरकत होत्या. म्हणजे वेग जास्त. पण हे कॅमेऱ्यात येईना, आणि कंपनीला व्हिडिओच हवा. एकूण चौदा मेल झाल्या. शेवटच्या मेलमध्ये त्यांनी लिहिलं की ३ टक्क्यांपर्यंतचा फरक "स्वीकारार्ह" आहे, तरी हवं तर यंत्र सेंटरला पाठवा, २१ दिवस लागतील, पिकअपचे ६५० तुम्ही द्या. बेल्ट तुम्ही बदलला, १०४ तुम्ही केलं आणि ६५० मी द्यायचे. आईला विचारलं, मेलमधलं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्यांना म्हणावं, तानपुरासुद्धा ३ टक्के स्वीकारार्ह लावून गायला बसा."

मग यंत्र जुन्या चादरीत गुंडाळलं आणि तपकीर गल्लीत नेलं. पुण्याबाहेरच्यांसाठी: बुधवार पेठेतली ही इलेक्ट्रॉनिक्सची गल्ली, कंडेन्सरपासून स्पीकरच्या कोनापर्यंत सगळं मिळतं. तिथे एका जिन्याखाली एक काका बसतात. सत्तरीचे. मी १०४ ची सगळी कहाणी सांगायला सुरुवात केली, त्यांनी हाताने थांबवलं. यंत्र उलटं केलं, मोटरच्या खाली दोन बारीक भोकं दाखवली. "आत दोन प्रीसेट आहेत, वेग जुळवायचे स्क्रू. एक तेहतीसचा, एक पंचेचाळीसचा." माझ्याकडची चकती थाळीवर ठेवली. त्यांच्या दुकानात अजून जुन्या चोकवाली, लुकलुकणारी ट्यूब आहे. मी तीन आठवडे ज्या रेघांसाठी अंधारात चाचपडत होतो त्या तिथे ढळढळीत दिसल्या. काकांनी प्लास्टिकचा बारीक स्क्रू ड्रायव्हर भोकातून सारला आणि केसभर फिरवला. रेघा मंदावल्या. आणखी केसभर. थांबल्या.

"किती?"

"शंभर द्या. पंचेचाळीसचाही करून घेता? पन्नास जास्त."

मी नको म्हटलं. ते पुढे येईल.

एक इशारा. हे दिसतं तेवढं सोपं नाही. थोडा जास्त फिरला की थाळी भलतीकडे जाते, आणि वॉरंटी असेल तर ती गेलीच म्हणून समजा. काही मोटरींना ही भोकंच नसतात. आधी खाली बघा.

त्यानंतरचे साडेतीन महिने मी दर पंधरा दिवसांनी मोजतोय. १००, १००, मे महिन्यात एकदा साडेशंभर, परत १००. बायको म्हणते मी गाणं ऐकत नाही, फेरे ऐकतो. त्यात तथ्य आहे. पण सुरुवातीला मी जे ठरवलं होतं, की यंत्र बाद, विकून टाकायचं, ते आता मागे घेतो. यंत्र चांगलं आहे. कारखान्यातून निघताना एका माणसाने पाच मिनिटं ट्यूबखाली ठेवलं असतं तर या लेखाची गरज नव्हती.

बाकी गोष्टी पटकन. सुईचा दाब वजनकाट्यावर मोजला, साडेतीन ग्रॅम, या कार्ट्रिजला हवा तेवढाच. दोनशे रुपयांचा सोनाराच्या पद्धतीचा डिजिटल काटा पुरतो. सुई मागून पुढे ब्रशने साफ करायची, उलट दिशेला कधीच नाही, वाकते. चारपाचशे तासांनी बदलायची. बदली सुई स्वस्त आहे, पण ऐकून ऐकून घासलेली सुई रेकॉर्ड खाते, तिथे काटकसर नको. हे मी म्हणतोय, यावरून ओळखा.

साफसफाई मात्र सविस्तर, कारण आता जुलै आहे. डिसेंबरात कोरड्या हवेने स्टॅटिक (स्थिर वीज) यायचं, रेकॉर्ड कव्हरमधून काढताना अंगावरचे केस उभे राहायचे आणि धूळ ओढली जायची. पावसाळ्यात स्टॅटिक गेलं आणि बुरशी आली. जुन्या कागदी आतल्या पिशव्या ओल धरतात. पांढरे ठिपके दिसले की समजायचं. मी बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड पाणी आणतो, त्यात भांड्याच्या लिक्विडचे दोनतीन थेंब. लेबलवर लोणच्याच्या बरणीचं झाकण दाबून धरतो म्हणजे ते भिजत नाही. मऊ मायक्रोफायबरने खाचांच्याच दिशेने गोल, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने परत, आणि भांड्यांच्या जाळीत उभी वाळवायची. नळाचं पाणी नको, वाळल्यावर क्षार खाचांत बसतात. वाळल्यावर त्याच बुरसट पिशवीत परत घालू नका, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. नवीन प्लास्टिक अस्तराच्या पिशव्या घ्या. हा खर्च मी कुरकुरत केला. पण कुमार गंधर्वांची एक एलपी, जी आधी पावसात ऐकल्यासारखी वाजायची, ती धुतल्यावर इतकी मोकळी झाली की आईने पेटी न काढता नुसतं ऐकलं.

जुन्या बाजारात रविवारी शंभर-दीडशेला एलपी मिळतात, माणिक वर्मा, भीमसेन, कधी नशीब असलं तर. उन्हात तिरपी धरून बघा. राखाडी दिसली तर खाचा घासलेल्या, ती धुऊन सुधारत नाही. आणि जाड, जड, हातात घेतल्यावर मातीच्या भांड्यासारखी वाटणारी ७८ ची तबकडी दिसली तर ती लाखेची आहे. अशा एखाद्या यंत्रावर ७८ चा वेग असला तरी एलपीची सुई त्या रुंद खाचेत तळाला घासते. आवाजही वाईट आणि सुईही जाते. वेगळी जाड सुई लागते. त्यांना स्पिरिट किंवा अल्कोहोल कधीही लावू नका, लाख विरघळते. आजोबांची एक तबकडी माझ्या मामाने अशीच "चकचकीत" केली होती.

आता ते पन्नास रुपये. ४५ च्या छोट्या ईपी आमच्याकडे मोजून सहा, सगळ्या भावगीतांच्या. सहा रेकॉर्डींसाठी पन्नास कशाला द्यायचे, असा माझा हिशेब होता. गेल्या आठवड्यात पाऊस लागला होता, आईने स्वतः त्यातली एक काढली, वेगाचं बटण ४५ वर केलं, खिडकीशी बसली. पहिलं कडवं संपेपर्यंत गप्प होती.

"अरे," म्हणाली, "ही पण."

तीन मिनिटांत १३५ हवेत. मी मोजले. १३९. तपकीर गल्लीत या पावसात रिक्षा जायची-यायची २४०.