वर्ल्ड फिटनेस लेव्हल: घरबसल्या दमसास मोजताना

तोंडाला मास्क लावून ट्रेडमिलवर न पळता दमसास मोजायचा असेल, तर नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमच्या एनटीएनयू विद्यापीठाचं ‘वर्ल्ड फिटनेस लेव्हल’ मला सगळ्यांत भरवशाचं वाटतं. फुकट आहे. वय, उंची, वजन, कंबरेचा घेर, विश्रांतीची नाडी आणि व्यायामाच्या सवयी विचारतात आणि व्हीओटू मॅक्सचा, म्हणजे शरीर मिनिटाला किलोमागे जास्तीत जास्त किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं त्याचा, अंदाज देतात. सोबत ‘फिटनेस वय’ही सांगतात, पण मी त्याकडे फारसं बघत नाही.

माझं वय 52, कंबर 88 सेंमी, नाडी 68. आकडा आला 34. पडताळा म्हणून रॉकपोर्ट चाचणी केली. यात एक मैल, म्हणजे 400 मीटरच्या धावपट्टीवर चार फेऱ्या आणि वर थोडंसं, झपझप चालायचं आणि थांबताक्षणी नाडी मोजायची. तिथे निघाले 30. हा फरक समजण्यासारखा आहे. वर्ल्ड फिटनेस लेव्हलमागचं सूत्र 2011 मध्ये प्रसिद्ध झालं, चार हजारांहून अधिक निरोगी नॉर्वेकरांच्या मोजमापावरून, आणि बायकांच्या बाबतीत त्याची प्रमाण त्रुटी, म्हणजे अंदाज साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतो ते, 5 च्या आसपास आहे. तेव्हा 34 वरून 35 झाले म्हणून पेढे वाटू नयेत. दर तीन महिन्यांनी त्याच पद्धतीने मोजून आकडा कुठे सरकतोय ते बघावं.

त्या सूत्रात बायकांची कंबर 10 सेंमीने घटली तर आकडा 2.6 ने वाढतो, नाडी 10 ने उतरली तर जेमतेम 1.1 ने. म्हणून टेप नीट धरा: साडीवरून नको, श्वास सहज सोडून, उघड्या पोटावर. नाडी सकाळी चहाआधी, पडल्या पडल्या, पूर्ण मिनिटभर.

माझी खरी हरकत पुढे आहे. आमचे हे रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेतात. गोळीने मंदावलेली नाडी या गणितात तंदुरुस्ती म्हणून जमा होते, त्यामुळे त्यांचा आकडा मी धरतच नाही. त्यांच्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखालची ट्रेडमिल चाचणीच. शिवाय पुरुषांच्या पोटाची धोक्याची रेषा युरोपीयांसाठी 94 सेंमी आणि आपल्यासाठी 90 मानतात. नॉर्वेच्या लोकांवर बेतलेलं सूत्र आपल्या पोटांना किती लागू पडतं, हे भारतीयांना प्रत्यक्ष मोजूनच ठरवायला हवं, आणि ते काम कुणीतरी मनावर घ्यावं असं मला फार वाटतं.