बागेतल्या तळ्याचा पंप: कुठला प्रकार घ्यावा, कुठला टाळावा

तळ्याच्या पंपाच्या खोक्यावर दोन आकडे ठळक छापलेले असतात. समजा, 'क्यू मॅक्स 3000 लिटर प्रति तास' आणि 'एच मॅक्स 2 मीटर'. वाचणाऱ्याला वाटतं, हा पंप 2 मीटर उंचीवर तासाला 3000 लिटर पाणी टाकेल. तसं कधीच होत नाही. 3000 लिटर मिळतात ते पाणी वर चढवायचंच नसेल तेव्हा. आणि 2 मीटरवर पाणी पाइपात चढून नुसतं उभं राहतं, बाहेर थेंबही पडत नाही. आपलं काम असतं या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी, आणि ते कुठे हे सांगतो खोक्याच्या बाजूला किंवा आतल्या पत्रकावर छापलेला आलेख: किती हेडला किती पाणी. हेड म्हणजे पाणी चढवायची उंची, अधिक पाइपातल्या घर्षणाची तूट, सगळं मीटरमध्ये. ज्या पंपाबरोबर हा आलेख किंवा तसा तक्ता मिळत नाही, तो पंप घेऊच नये, हे आमचं स्पष्ट मत आहे.

आधी गरज मोजा. चौकोनी तळ्याची लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये गुणून 1000 ने गुणलं की लिटर मिळतात. गोल तळ्याला व्यासाचा वर्ग गुणिले 0.785 गुणिले खोली, आणि परत 1000. मासे असतील तर सगळं पाणी एक ते दोन तासांत एकदा फिल्टरमधून फिरलं पाहिजे. कोई मासे खातात खूप आणि घाणही तेवढीच करतात, त्यांच्यासाठी तासाला एकदा धरा. नुसती कमळं आणि पाणवनस्पती असतील तर तीन-चार तासांतून एकदा पुरे. कमळाला खळबळतं पाणी आवडतही नाही.

धबधबा असेल तर हिशोब वेगळा. पाणी ज्या कडेवरून पडतं तिच्या रुंदीच्या दर सेंटिमीटरला तासाला साधारण 150 लिटर लागतात, तेव्हा सलग पडदा दिसतो. निम्म्या पाण्यात तो तुटून दगडावरून ओघळत राहतो. तेही छान दिसतं, पण ते आपण ठरवून केलेलं असावं, पंप कमी पडला म्हणून नव्हे.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. तळं 2.5 मीटर लांब, 1.6 मीटर रुंद, सरासरी 0.6 मीटर खोल: 2400 लिटर. धबधब्याची कड 20 सेंटिमीटर, म्हणजे तासाला 3000 लिटर. माशांची गरजही त्यातच भागते. कड पाण्याच्या पातळीपासून 1.2 मीटर उंच. उंची पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजायची, तळाशी ठेवलेल्या पंपापासून नाही, कारण पृष्ठभागापर्यंत पाणी तळ्याच्याच दाबाने आलेलं असतं. पाइप 4 मीटर, वाटेत तीन एल्बो, म्हणजे काटकोनी वळणाचे जोड.

आता पाइप किती जाड घेता यावर सगळं ठरतं. आतला व्यास 25 मिलिमीटर असेल तर 3000 लिटर नेताना पाइप आणि एल्बो मिळून जवळजवळ 1.1 मीटर हेड खातात. 32 मिलिमीटर घेतला तर हीच तूट 0.4 मीटरच्या आसपास येते. ती 1.2 मीटरच्या चढात मिळवा: एकाच तळ्याला एका पाइपावर 2.3 मीटर हेडला 3000 लिटर देणारा पंप लागतो आणि दुसऱ्यावर 1.6 मीटर हेडला. पाइपाचा फरक एकदाच सोसावा लागतो, विजेचा रोज. पंपाच्या तोटीचं माप पाहून पाइप घेण्याची चूक सर्रास होते. तोटी 25 ची असली तरी लगेच पुढे रिड्यूसर (माप बदलणारा जोड) लावून 32 चा पाइप न्यावा. अंदाजासाठी: 20 मिलिमीटरच्या पाइपातून तासाला 1700 लिटर, 25 मधून 2600, 32 मधून 4300, 40 मधून 6800 आणि 50 मधून 10,600 लिटर ही सोयीची मर्यादा समजा. आतून वळ्या असलेला पन्हाळी पाइप वाकतो छान, पण घर्षण वाढवतो, म्हणून तो घ्यायचाच तर एक माप जाड घ्या. एल्बोऐवजी लांब वळण देता आलं तर द्या.

तर या तळ्याला 1.6 मीटरवर 3000 लिटर देणारा पंप हवा. सुरुवातीचा '3000 लिटर, 2 मीटर' वाला इथे निम्मं पाणी दिलं तरी खूप झालं. खोक्यावर साधारण 5500 लिटर आणि 3.5 मीटर लिहिलेला पंप इथे बरोबर बसतो. खोक्यावर आकडा मिनिटाला लिटर असा असेल तर 60 ने गुणा. गॅलन असतील तर कुठले ते पाहा: अमेरिकी गॅलन 3.785 लिटरचा, ब्रिटिश 4.546 लिटरचा.

आता प्रकार. मॅग्नेटिक सबमर्सिबल (पाण्यात बुडवून ठेवायचा) पंप हा घरच्या तळ्यासाठी आमची पहिली पसंती. यात मोटरची गुंडाळी इपॉक्सीत बंद असते आणि चुंबकाचा रोटर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, पाण्यातच फिरतो. शाफ्टला सील नाही, तेल नाही, म्हणून गळून मासे मारायलाही काही नाही. चार स्क्रू किंवा एक झाकण फिरवलं की इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, हातात येतो. छोटे पंप सुरू होताना कुठल्याही दिशेने फिरतात, म्हणून त्यांची पाती सरळ ठेवलेली असतात. कार्यक्षमता थोडी जाते, पण आयुष्य चांगलं मिळतं. उणीव दोन: 3-4 मीटरच्या वर हेड लागलं की हे थकतात, आणि सिरॅमिकचा शाफ्ट हातातून पडला तर काचेसारखा तुटतो.

या वर्गातही दोन जाती आहेत. कारंज्याचा पंप बारीक स्पंजची जाळी घेऊन येतो. कारंज्याच्या तोटीची भोकं बारीक असतात, म्हणून ती जाळी हवीच. पण हाच पंप माशांच्या तळ्यात फिल्टरसाठी बसवला तर स्पंज काही दिवसांत शेवाळाने गच्च होतो आणि पाणी आटतं. फिल्टरसाठी 6 ते 10 मिलिमीटर भोकांचा पिंजरा असलेला, घाण गिळून पुढे ढकलणारा पंप घ्या. घाण फिल्टरमध्ये अडवायची असते, पंपाच्या तोंडाशी नाही.

तेल भरलेला, सील असलेला सबमर्सिबल पंप 5-6 मीटरच्या वर हेड असलेल्या मोठ्या धबधब्यांनाच घ्यावा, आणि तोही मासे नसतील तर. सील झिजलं की पाण्यावर तवंग येतो.

टाकी भरायची घरातली अर्ध्या अश्वशक्तीची मोटर तळ्याला लावू नका. ती बनलेली असते 20 मीटर आणि त्याहून जास्त चढासाठी, तासभर चालून बंद होण्यासाठी. सव्वा मीटरवर ती गरजेच्या कितीतरी पट पाणी ओढते, त्यामुळे मोटरवर भार वाढतो, ती तापते. शिवाय 500 वॅट धरले तरी दिवसाला 12 युनिट. आपल्या उदाहरणातल्या तळ्याला पाणी उचलायला प्रत्यक्ष ताकद लागते फक्त 13 वॅट. छोट्या पंपाची कार्यक्षमता पाव-एक धरली तरी 50 ते 60 वॅटमध्ये काम होतं. 50 वॅटचा पंप अखंड चालून महिन्याला 36 युनिट खातो, 80 वॅटचा 58. दोन पंपांचं हेड आणि पाणी सारखं असेल तर वॅट कमी असलेला थोडा महाग असला तरी घ्या. हा पंप चोवीस तास चालणार आहे.

वेग कमी-जास्त करता येणारा पंप खरंच पैसे वसूल करतो. वेग 80 टक्क्यांवर आणला की वीज जवळपास निम्मी लागते. मात्र हेडही 64 टक्क्यांवर येतं, म्हणून कड उंच असेल तर आलेख पुन्हा पाहा. साध्या पंपाचं पाणी कमी करायचं तर बॉल व्हॉल्व्ह बाहेर जाणाऱ्या पाइपावर लावा. आत येणाऱ्या बाजूला कधीही नाही. तिथे अडवलं की पंप उपाशी राहतो, कुरकुरतो आणि इम्पेलर खराब होतो.

बॅटरी नसलेला सोलर पंप शोभेच्या कारंज्याला ठीक. माशांच्या तळ्याचा एकमेव पंप म्हणून तो घेऊ नका. रात्री वनस्पतीही प्राणवायू ओढतात, पहाटे पाण्यात तो सगळ्यात कमी असतो, आणि नेमका तेव्हा हा पंप बंद. फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही काही तास वाहतं पाणी मिळालं नाही तर मरायला लागतात.

बसवताना पंप धबधब्यापासून लांबच्या टोकाला ठेवा, नाहीतर तेच पाणी गोल फिरतं आणि दुसरा कोपरा साचून राहतो. तळाशी गाळात ठेवू नका. विटेवर किंवा दगडावर 15-20 सेंटिमीटर उचलून ठेवा. यात दुसरा फायदाही आहे. वरचा पाइप निसटला तर पंप तळं उपसत राहतो, पण त्याच्या तोंडाखालचं पाणी माशांसाठी उरतं. पाणी संपल्यावर पंप कोरडा फिरतो आणि काही मिनिटांत शाफ्ट व बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती बांगडी) तापून खराब होतात, म्हणून कोरडं पडल्यावर आपोआप बंद होणारं मॉडेल मिळालं तर तेच घ्या.

विजेच्या बाबतीत तडजोड नको. पंप आयपीएक्स 8 दर्जाचा, सतत पाण्यात राहण्यासाठीचा. अर्थिंग चालू आहे हे तपासलेलं. सर्किटला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच. वायर प्लगच्या आधी खाली लोंबती ठेवा, म्हणजे थेंब तिथेच गळतो, सॉकेटमध्ये शिरत नाही. वायर कापून पाण्यात जोड देऊ नका, वायरला धरून पंप उचलू नका, आणि पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढा. लहान मुलं खेळतात अशा तळ्यात 12 किंवा 24 व्होल्टचा पंप घ्या, त्याचा ट्रान्सफॉर्मर पाण्यापासून दूर, कोरड्यात.

चालू केल्यावर पहिल्याच दिवशी मोजून घ्या. 20 लिटरची बादली धबधब्याच्या पाइपाखाली धरा, भरायला किती सेकंद लागतात पाहा, आणि 72,000 ला त्या सेकंदांनी भागा. 24 सेकंद आले तर 3000 लिटर. हा आकडा पंपाच्या खोक्यावर लिहून ठेवा. पुढे पाणी कमी वाटलं की पुन्हा मोजा. पाव भाग घटलं असेल तर सफाईची वेळ झाली. आधी पिंजरा, मग इम्पेलर, मग पाइपातलं शेवाळ. क्षाराचं पाणी असेल तर रोटरवर पांढरा थर बसतो. सुटे भाग तासभर व्हिनेगरमध्ये किंवा सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात ठेवून ब्रशने घासा, नीट धुवा आणि मगच तळ्यात सोडा. पंप घरघरतोय पण पाणी नाही, तर आत हवा अडकली आहे: पाण्याखालीच थोडा तिरका करून हलवा. खडखड आवाज येतोय तर शाफ्ट तुटला किंवा बुश झिजला. तेव्हा इम्पेलर आणि शाफ्ट सुटे मिळतात की नाही यावर पंप वाचतो की भंगारात जातो हे ठरतं, म्हणून हा प्रश्न विकत घेतानाच दुकानदाराला विचारा, आणि जमलं तर एक इम्पेलर त्याच दिवशी जास्तीचा घेऊन ठेवा.