पाच गाई, चार गोऱ्हे आणि परत मिळालेले पैसे

आमच्या संगमनेर भागात गाईंना कृत्रिम रेतन करणारा एक जण मोटारसायकलवर नायट्रोजनची टाकी बांधून फिरायचा; टाकीत गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीमला देशी ‘सॉर्टेड सीमेन’ (कालवडच व्हावी म्हणून निवडून काढलेलं वीर्य) तंत्रज्ञान जाहीर झालं, ती बातमी मोबाइलवर दाखवायचा आणि म्हणायचा, “तेच हे, दादा. शंभर टक्के कालवड. गोऱ्हा झाला तर पैसे परत.” एका कांडीचे १२०० रुपये. ते तंत्रज्ञान कांडी स्वस्त व्हावी म्हणूनच आणलं होतं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

पाच गाई भरवल्या. चार गोऱ्हे झाले. एचएफचा, म्हणजे होल्स्टीन जातीचा, गोऱ्हा औताला चालत नाही, २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यापासून घ्यायलाही कोणी येत नाही, आणि दूध तर पाजावंच लागतं.

मी चिडून फोन केला. गडी दुसऱ्याच दिवशी आला आणि चौघांचे ४८०० रुपये मोजून हातात ठेवले. वर माफी मागितली. खरं सांगतो, त्या दिवशी मीच चार जणांना त्याचा नंबर दिला.

मग एकदा दूध संकलन केंद्रावर सहज विषय निघाला. त्याच्याकडून भरवलेल्या किती व्याल्या, ते मोजलं. २३. कालवडी ११, गोऱ्हे १२. तिथेच डोकं ठणकलं. साधी कांडी भरली तरी निम्म्या कालवडीच होणार. कालवड झाली की १२०० त्याचे. गोऱ्हा झाला की परत. ११ घरं त्याचं गुणगान करतात, बाकीची ‘प्रामाणिक माणूस’ म्हणतात. हरायचं असं त्याला काही नव्हतंच!

खऱ्या सॉर्टेड कांडीत हे आकडे बसत नाहीत. कालवड देणाऱ्या शुक्राणूत डीएनए गोऱ्हा देणाऱ्यापेक्षा सुमारे ४ टक्के जास्त असतो. रंग देऊन, लेझरसमोरून एकेक थेंब सोडून ते वेगळे काढतात. तरी साधारण ९० टक्केच कालवडी मिळतात, म्हणजे २३ मध्ये गोऱ्हे दोन-तीन. शंभर टक्के कोणीच देत नाही. शिवाय अशा कांडीत शुक्राणू २० लाखांच्या आसपास, साध्या कांडीत दोनेक कोटी. म्हणून ती शक्यतो तरण्या, निरोगी कालवडींना वापरतात. यानं माझ्या पाच वेतांच्या, तीनदा भरवूनही गाभ न राहिलेल्या गाईलाही भरली आणि कांडी कोमट पाण्यात न धरता तळहातावर चोळली. मी शेजारी उभा राहून बघत होतो.

रेतन झालं की शीथ (रेतनाच्या नळीवरचं प्लॅस्टिकचं आवरण) आणि रिकामी कांडी तो खिशात घालायचा. मला वाटायचं, काय स्वच्छ माणूस! कांडीवर वळूचा नंबर, जात, केंद्र आणि तारीख छापलेली असते. एक रिकामी कांडी गोठ्यामागे पडलेली सापडली, ती दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी वाचून सांगितलं, साधी आहे.

आता रेतनाआधी कांडीचा फोटो काढतो, गाईच्या कानातल्या बिल्ल्याच्या नंबरावर नोंद करून घेतो आणि रिकामी कांडी मागून ठेवतो. फोटो म्हटल्यावर दोन रेतनवाले टाकी न उघडताच निघून गेले.