थ्रीडी मॉडेलच्या नावाखाली ४४,२३० रुपये गेले, आणि आमची ड्रॉइंगंही

कुंडई, वेर्णा, पिसुर्ले, डिचोली, गोव्यातल्या कुठल्याही औद्योगिक वसाहतीत छोटं युनिट चालवत असाल तर हे वाचा. कॅड ड्रॉइंगवरून, म्हणजे संगणकावर काढलेल्या ड्रॉइंगवरून, वेबसाइटवर फिरवता येणारं थ्रीडी मॉडेल करून देतो म्हणणाऱ्या माणसाने आमचे ४४,२३० रुपये नेले. पैशांहून मोठं दुखणं वेगळं आहे, ते खाली येईलच.

आमचं काम स्टेनलेस स्टीलच्या व्हॉल्व्हचं, गिऱ्हाईक बहुतेक औषध कंपन्या. हल्ली त्यांच्या खरेदी विभागाला पार्ट मोबाइलवर फिरवून बघायचा असतो. आमच्याकडे ६४ स्टेप फाइली, म्हणजे पार्टांच्या कॅड फाइली, होत्या. मोफत सॉफ्टवेअर असताना पैसे का दिले, असं मला आता जो तो विचारतो. विचारणाऱ्याने एकदा करून बघावं. स्टेपमध्ये पृष्ठभाग गणिताने लिहिलेले असतात, ब्राउझरला लागतात त्रिकोण. त्रिकोण कमी केले की गोल फ्लँज, म्हणजे पाइप जोडायची चकती, अष्टकोनी दिसतो, वाढवले की साधा मोबाइल अडकतो. नुसत्या बोल्टच्या आट्यांनी फाइल फुगते. युनिट सांभाळून हे शिकायला वेळ कुठून आणायचा?

आणि त्या माणसाला हे सगळं ठाऊक होतं. आमची ड्रॉइंगं मिलिमीटरमध्ये, वेबसाइटला लागणाऱ्या जीएलबी थ्रीडी फाइलचं एकक मीटर, तिथे चूक झाली तर व्हॉल्व्ह हजारपट मोठा येतो, हे त्यानेच आपणहून सांगितलं. असं बोलणारा भामटा असेल, असं कुणाच्या मनात येईल? फाइलमागे ७०० रुपये ठरले. एकूण ४४,८००, त्यातले निम्मे म्हणजे २२,४०० आगाऊ. क्यूआर कोडवर फर्मचं नाव नव्हतं, एका व्यक्तीचं होतं. फर्मच्या नावाचं खातं नसेल तर तिथेच थांबा.

मग नमुना आला. फाइल नव्हे, लिंक. बोट फिरवलं की आमचाच व्हॉल्व्ह झळझळीत फिरायचा, बॉडीवरच्या आमच्या नावासकट. डावीकडे फिरायचा, उजवीकडे फिरायचा. फ्लँजची खालची बाजू बघायला मी बोट वर ओढलं, तो जागचा हलला नाही. जवळ घेतला तर आटे पुसट झाले. इथे. नेमकं इथे कळायला हवं होतं. ते मॉडेल नव्हतंच. व्हॉल्व्हभोवती फिरून घेतलेली चित्रं बोटासरशी एकामागून एक दाखवली जात होती. खऱ्या मॉडेलची कड कितीही जवळ गेलात तरी धारदार राहते, आणि ते हवं तसं उलटंपालटं करता येतं. मी गप्प बसलो नव्हतो, विचारलं होतं. उत्तर आलं, "सर, प्रीव्ह्यूमध्ये कंट्रोल लॉक असतो, फायनल फाइलमध्ये सगळं मिळेल." आपलाच माल डोळ्यांसमोर फिरत असताना या उत्तरावर कोण अविश्वास दाखवेल? अजून ते आठवलं की जीव जळतो.

पुढे जीएलटीएफचं, म्हणजे ज्या फॉरमॅटचं जीएलबी हे एक रूप आहे त्याचं, "फॉरमॅट लायसन्स" निघालं. १८,५०० अधिक १८ टक्के जीएसटी ३,३३०, म्हणजे २१,८३०. ही रक्कम नंतर परत मिळेल, असं तो म्हणाला. तेही भरले. लिहून ठेवा, जीएलटीएफ हे क्रोनोस ग्रुपचं खुलं मानक आहे, वापरायला एक पैसाही रॉयल्टी लागत नाही. फाइल लहान करणारं गूगलचं ड्रॅकोही मोफत आहे. लायसन्सचे पैसे मागणारा चोर, दुसरा विचार करू नका. पावतीवर ऑफिस पणजीच्या पाटो भागात आणि जीएसटी क्रमांक ०७ ने सुरू होणारा. ०७ म्हणजे दिल्ली, गोव्याचा ३० ने सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर कुठलाही क्रमांक फुकट तपासता येतो.

शेवटी झिप आली. ६४ जीएलबी, एकही उघडेना. तुमच्या सर्व्हरला डिकोडर, म्हणजे फाइल उलगडणारा प्रोग्राम, नाही, आणखी १५,००० भरा, असं सांगण्यात आलं. माझ्या भाच्याने एक फाइल नोटपॅडमध्ये उघडली. पहिल्याच ओळीत आयएसओ-१०३०३-२१. ही स्टेप फाइलची सुरुवात. खऱ्या जीएलबीची पहिली चार अक्षरं जीएलटीएफ असतात. आमच्याच फाइली, शेपटीचं नाव बदलून आम्हालाच विकल्या होत्या! जाब विचारताच त्याने नंबर ब्लॉक केला.

आता पोलिसांचं ऐका. पहिल्या ठिकाणी म्हणाले, "फाइली मिळाल्या ना? मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला." नोटपॅड उघडून दाखवलं तर मान फिरवली. दुसऱ्या ठिकाणी हद्दीचा प्रश्न काढला. नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. हे मी सांगितलं तर "वकील आहात काय?" सही-शिक्क्याचा कागद हवा, बँकेचं पत्र हवं, मग तेच पत्र इंग्रजीत हवं. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात, आमचा संबंध नाही. ज्या खात्यात पैसे गेले त्याचा नंबर माझ्या हातात आहे, तरी ते गोठवायला कुणी तयार नाही. कर भरायचा, कामगारांचा पीएफ वेळेवर भरायचा, आणि चोरी झाली की आरोपीसारखं बाकावर बसायचं! पैसे जाताक्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, कागद जमवत बसू नका. रक्कम पुढच्या खात्यात सरकली की हाती लागणं कठीण.

मोठं दुखणं ड्रॉइंगचं. ६४ पैकी ११ पार्ट एका गिऱ्हाइकाच्या डिझाइनचे होते आणि गोपनीयतेचा करार आमच्या सहीचा. मी स्वतः जाऊन त्यांना सांगितलं. त्यांनी पुढची ऑर्डर थांबवली आहे. कुणालाही फाइल देताना आतले पॅसेज, सीटची मापं काढून फक्त बाहेरचं कवच द्या. वेबसाइटला तेवढंच लागतं. आधी एकच पार्ट द्या, लिंक नको, फाइल मागा, ती स्वतः ब्लेंडर या मोफत थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये उघडा. क्रोनोसचा व्हॅलिडेटर, म्हणजे फाइल खरी आहे का ते तपासणारा प्रोग्राम, ब्राउझरमध्ये मोफत चालतो, त्यात टाका आणि मगच पैसे सोडा.

एका अधिकाऱ्याने एवढं कबूल केलं आहे की त्याच बँक खात्याविरुद्ध आणखी तक्रारी आल्या तर गुन्हा नोंदवू. म्हणून फिरणाऱ्या व्हॉल्व्हची, पंपाची किंवा फर्निचरची लिंक दाखवून तुमच्याकडूनही लायसन्सचे पैसे घेतले असतील, तर लाज बाळगू नका. रक्कम कितीही लहान असो, सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार टाका आणि पैसे ज्या खात्यात गेले त्याचा नंबर त्यात न विसरता लिहा.