काचेचा वायपर, चुंबकवाला क्लीनर आणि बोअरचं पाणी : एक पावसाळा आणि एक ऊस हंगाम वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगतो म्हणजे घाईतले लोक मोकळे. खिडक्यांच्या काचांना साधा रबरी वायपर, दोन मायक्रोफायबरची कापडं आणि चांगलं पाणी, बास. तो दोन्ही बाजूनं पुसणारा चुंबकवाला क्लीनर एका खिडकीपुरता कामाचा निघाला, बाकी कपाटात आहे. आणि या सगळ्यात पाणी सगळ्यात महत्त्वाचं, वायपर कुठला घेताय ते नंतरचं.

आमचा फ्लॅट कोल्हापुरात कळंब्याकडं, तिसरा मजला, ॲल्युमिनियमच्या तीन ट्रॅकवाल्या स्लायडिंग खिडक्या, बाहेरून ग्रिल, वापरायला बोअरचं पाणी. जुन्या पद्धतीच्या लाकडी तावदानांच्या खिडक्या असतील तर यातलं निम्मं तुम्हाला लागू नाही, तुमचं काम सोपं आहे खरं तर, पल्ला आत ओढला की दोन्ही बाजू हाताशी.

तर पाणी. बोअरच्या पाण्यानं काच पुसली की ओली असेपर्यंत एक नंबर दिसते आणि वाळली की पांढरे ठिपके नि ओघळ. लोक लिक्विडला शिव्या घालतात, कापड बदलतात, पण ते ठिपके म्हणजे पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, पाणी उडून जातं आणि क्षार काचेवरच बसतात. वरून कितीही महागाचं लिक्विड मारा, बादलीत बोअरचं पाणी असेल तर परत तेच. आता काहीजण म्हणतील आमच्याकडं आरओ आहे, त्याचं वाया जाणारं पाणी वापरतो, फरशीला वापरतोच की. फरशीला, गाडीच्या टायरला खुशाल वापरा पण काचेला नको, कारण आरओ गोड पाणी एका नळीतून काढतो आणि क्षार सगळे दुसऱ्या नळीत ढकलतो, म्हणजे ते पाणी बोअरपेक्षा पण जड. काचेला लागतं ते पिण्याचं आरओचं पाणी, आणि लागतं किती, एका खिडकीला तांब्याभर. जीव जळत असेल तर एसीचं पाणी धरा, नळीखाली बादली ठेवायची आणि कापडातून गाळून घ्यायचं, ते हवेतली वाफ गार होऊन पडलेलं पाणी असतं त्यामुळं त्यात क्षार जवळपास नसतातच. पण आपल्याकडं एसी चालणार उन्हाळ्यात, मग पावसाळ्यात गच्चीवर बादली लावायची, पहिला अर्धा तास सोडून द्यायचा आणि मग धरायचं. हे सुरू केल्यापासून आमच्या काचांवर ओघळ उरले नाहीत. आईचं म्हणणं, "एवढं शास्त्र करून काच पुसतोयस, जरा पंखा पण पूस." पंखा अजून तसाच आहे.

आधीच बसलेले पांढरे डाग असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, स्प्रे मारायचा, पाच-दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, वाळतंय वाटलं तर परत मारायचं, मग घासून चांगल्या पाण्यानं पुसायचं. दोन गोष्टी सांभाळा. खिडकीचा कट्टा कडप्प्याचा किंवा मार्बलचा असेल तर व्हिनेगर त्याच्यावर ओघळू देऊ नका, तो चुनखडीच्या जातीचा दगड, आम्लानं खातो आणि चकाकी जाते ती जातेच, ग्रॅनाइटला एवढी भीती नाही. आणि बाथरूमच्या खिडकीला व्हिनेगर मारताना तिथं ब्लीच वापरलेलं नको, दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये तो खेळ नको. वर्षानुवर्षांचे डाग मात्र काचेतच शिरलेले असतात, ते व्हिनेगरला दाद देत नाहीत, पॉलिश करणाऱ्याला बोलवा नाहीतर तसंच राहू द्या.

आता चुंबकवाला. व्हिडिओत बघून घेतला, हजाराच्या आसपास पडला. आयडिया भारी आहे, एक तुकडा आत, एक बाहेर, आतला फिरवला की बाहेरचा बरोबर फिरतो, तिसऱ्या मजल्यावर बाहेर वाकायला नको. पण आपल्या खिडक्या व्हिडिओतल्यासारख्या नसतात. ग्रिल आणि काच यात बाहेरचा तुकडा मावेल एवढी फट पाहिजे, आमच्याकडं ती फक्त हॉलच्या मोठ्या खिडकीला आहे. दोन पल्ले एकमेकांवर येतात तिथं आणि कोपऱ्यात तो पोचत नाही, कडेला बोटभर पट्टी राहतेच. काचेच्या जाडीप्रमाणं चुंबक वेगवेगळे येतात, पातळ काचेला जोरदार चुंबक घेतला तर हलवताना दंड भरून येतात आणि जाड काचेला हलका घेतला तर बाहेरचा तुकडा सुटून लोंबतो, म्हणून आधी काच किती एमएम आहे ते मोजा. त्याची दोरी ग्रिलला बांधायची म्हणजे बांधायचीच, खाली लोकांच्या गाड्या असतात, पोरं खेळत असतात. दोन तुकडे जुळवताना मध्ये बोट आलं की चांगलंच चेंगरतं. आणि घरात कुणाला पेसमेकर बसवला असेल तर असली चुंबकाची वस्तू घरात आणूच नका.

शिवाय धूळ. काचेवर माती असताना चुंबक फिरवला की खडे काच आणि फोममध्ये दाबून फिरतात, बारीक चरे पडायला तेवढं पुरतं. म्हणजे आधी बाहेरून पाणी मारून धूळ काढायचीच. मग एवढं केलंच तर वायपरनंच का नाही पुसायचं?

वायपर चारशेच्या आत आला, लक्ष्मीपुरीतून, लांब दांडी आणि मान वळणारा. दुकानदार फरशीचा दाखवत होता, तो नको, काचेचा वेगळा असतो, रबर पातळ आणि धार सरळ. पद्धत अशी की बादलीत भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, जास्त नको, फेस जास्त झाला की काचेवर धुरकट थर राहतो. काच ओली करायची, वरची दोन बोटं पट्टी कापडानं कोरडी करायची, तिथं रबर टेकवून खाली ओढायचं, पुढचा पट्टा आधीच्यावर थोडा चढवायचा आणि प्रत्येक ओढीनंतर रबर पुसायचं. हे शेवटचं लोक करत नाहीत आणि मग वायपरच भिकार म्हणतात. आतून उभं ओढायचं, बाहेरून आडवं, म्हणजे ओघळ राहिलाच तर तो कुठल्या बाजूला आहे ते लगेच कळतं. उन्हात मात्र नको, अर्धी काच ओढेपर्यंत उरलेली वाळलेली असते. पश्चिमेच्या खिडक्या सकाळी, पूर्वेच्या चार वाजता.

पेपरनं पुसणाऱ्यांनी रागवू नका. पेपरचे धागे सुटत नाहीत ते खरं आहे, पण शाई हाताला आणि पांढऱ्या फ्रेमला लागते. मायक्रोफायबर घेतलं तर धुताना कम्फर्ट (कपडे मऊ करायचं लिक्विड) घालू नका, कापड पाणी ओढायचं बंद होतं.

पावसाळ्यात काचेपेक्षा ट्रॅक बघा. गगनबावड्याकडून वाऱ्यासकट पाऊस आला की पश्चिमेच्या खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी साठतं आणि हॉलमध्ये उतरतं, लोक म्हणतात सिलिकॉन मारा. आधी बाहेरच्या बाजूनं पट्टीला पाणी जायची बारीक भोकं असतात ती बघा, माती, मेलेले किडे, रंगाचा गोळा यानं बुजलेली असतात. जुना रंगाचा ब्रश आणि झाडूची काडी, एवढ्यात काम होतं. आमच्या शेजारच्या काकांनी मिस्त्री बोलवून बाहेरून सिलिकॉन मारून घेतलं, ती भोकं पण बुजवून टाकली, आता त्यांच्याकडं पाणी आणखी येतं आणि काका मिस्त्रीला शोधतायत. मच्छरजाळीचा पल्ला उचलून बाथरूममध्ये आडवा ठेवायचा, साबणाच्या पाण्यानं मऊ ब्रश, जोरात घासली तर जाळी फ्रेममधून सुटते. जाळी घाण ठेवून काच पुसलीत तर पहिल्या पावसात जाळीचा चिखल काचेवर, सगळं परत.

दिवाळीनंतरचा प्रकार वेगळा. ऊस तोडणी सुरू झाली की शेतात पाचट पेटतं, गुऱ्हाळं लागतात, संध्याकाळी काळी कुसळं उडत घरात येतात. ही राख कोरडी असताना फडक्यानं पुसायची नाही, फासली जाते आणि पांढऱ्या फ्रेमवर काळे पट्टे ओढले जातात. कोरड्या ब्रशनं हलकी झाडायची किंवा व्हॅक्यूमनं ओढायची, मग ओलं. हंगामभर सगळ्या खिडक्या चकाचक ठेवायचा नाद आम्ही सोडलाय, हॉलची तेवढी करतो.

काचेला ऊन अडवायची फिल्म असेल तर बाटलीवर अमोनिया लिहिलंय का बघा, तसलं लिक्विड फिल्मला चालत नाही, साबणाचं पाणीच बरं.

वायपरच्या रबराची एक धार आता गेली, मध्ये एक बारीक खाच पडली आणि तिथून रेघ उठायला लागली. रबर ओढून काढलं, उलटं करून बसवलं, परत नव्यासारखं चालतंय. स्वस्तातल्या वायपरला रबर चिकटवलेलं असतं, ते निघत नाही, म्हणून घेताना दुकानातच रबर ओढून बघा आणि सुटं रबर मिळतं का ते विचारा.